किड्यांचं तेवढं बघा

बुवांचं खरं नाव घरातल्या कागदांवर असेल तेवढंच. आठवड्यातून एकदा प्रार्थनेच्या खोलीत उभं राहून ते देवाच्या कथा गाऊन सांगायचे, म्हणून लहानथोर सगळे त्यांना बुवा म्हणत. गळा गोड, आणि सांगणं त्याहून गोड. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून वाट सोडून काट्यांतून चालणाऱ्या भक्ताची कथा ते लावायचे, तेव्हा पुढच्या बाकांवरच्या बायका डोळे पुसायच्या, आणि बुवा स्वतःही पुसायचे. त्यात ढोंग नव्हतं. बुवांना जीवमात्र मनापासून आवडायचे. फक्त वेलांच्या पानांवर बसलेले सोडून.

त्यालाही कारण होतं. बुवांची उमेदीची वर्षं भाजीपाल्यात गेली. तरुणपणी एका हंगामात पिवळ्या काटेरी अळीने त्यांच्या वेलांची पानं अशी चाटून नेली, की उरलं ते नुसतं शिरांचं जाळं. तेव्हापासून पिवळं आणि पानावर सरकणारं काही दिसलं, की बुवांचा अंगठा आपोआप बोटावर यायचा.

आता शेत सुनेच्या हातात होतं. मुलगा मोठ्या गाड्या चालवायचा, महिन्यातला बराच काळ रस्त्यावर. सुनेने घरामागच्या पट्ट्यात जाळीचं शेड उभारलं, काकडी लावली, आणि काकडीवर जी येतेच ती भुरी आली. पानावर कुणी पीठ भुरभुरावं तशी ती पांढरी बुरशी. बाकीच्यांनी गंधक मारलं. सुनेने नाही मारलं. तिचे काहीतरी वेगळेच उद्योग चालले होते, आणि जेवताना ती त्याबद्दल बोलायचीही. पुष्कळ बोलायची. कुठून कुठून काय मागवलं, काय वाढवलं, कसं जगवलं. बुवा "हं, हं" म्हणायचे. पण बुवांच्या त्या "हं"मध्ये काही राम नसायचा. त्यांच्या डोक्यात तेव्हा पुढच्या कथेची चाल बसत असायची. ताटात काय आहे तेही त्यांना कळायचं नाही, मग सुनेचं बोलणं कुठलं कळायला!

मग एके सकाळी निरोप आला, सुनेची आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. सून अर्ध्या तासात निघाली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने केस बांधतेय, दारात गाडी उभी, आणि तोंडाने सूचना चालू.

"बाबा, सकाळी बाजूचे पडदे वर घ्या, हवा खेळू द्या. खालची पानं पिवळी पडली की काढून टाका. दूध-पाण्याची फवारणी ऊन आल्यावर करायची, संध्याकाळी नाही. गंधकाचा कणसुद्धा आत नेऊ नका. आणि किड्यांचं तेवढं बघा हं, बाबा."

"तू निर्धास्त जा, पोरी," बुवा छातीला हात लावून म्हणाले. "किड्यांचं माझ्यावर सोपव."

गाडी वळणाआड गेली. बुवांची बायको पदराला हात पुसत मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, कळलं का काय म्हणाली ते?"

"न कळायला काय झालं? किड्यांचं बघायला सांगितलंय."

"मग बघा," बायको म्हणाली आणि आत गेली.

आता आपल्या भाषेचीही गंमत बघा. आजाऱ्याचं बघतात, म्हणजे त्याची सेवा करतात. म्हाताऱ्या आईबापांचं बघतात, म्हणजे त्यांना सांभाळतात. आणि "थांब, तुझं बघतोच!" असं कुणी म्हणालं, की समोरचा पायाला पाय लावून पळतो. शब्द एकच. कुणाच्या मनात काय बसलंय त्यावर त्याचा अर्थ. बुवांच्या मनात काय बसलं होतं ते सांगितलंच.

त्याच सकाळी बुवांनी चष्मा लावून पहिल्या ओळीतलं एक पान उलटलं. पांढऱ्या भुरीत तोंड घालून फिकट पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या अळ्या बसल्या होत्या. शेजारी मसुराएवढे पिवळेधमक भुंगेरे. बुवांचं रक्त तापलं. शेजारचं पान पाहिलं, तिथे भुरी कमी, तिथे किडेही कमी. त्याच्या पलीकडे भुरी जास्त, तर किडेही जास्त. बुवांना वाटलं, झालं, चोर सापडला! हेच ते, पायांना भुरी लावून पानोपानी वाटत फिरणारे.

कामाला लागले. औषध नाही, गंधक नाही, सुनेचा शब्द मोडायचा नाही. अंगठा आणि बोट. एक एक. पान उलटायचं, चिमटीत धरायचं, दाबायचं, पुढे. पानाला इजा होऊ नये म्हणून दुसरा हात खाली धरायचा. इतकी हळुवार कत्तल कुणी केली नसेल. आणि करताना बुवा गुणगुणत होते. त्या मुंगीच्या कथेचं कडवं त्यांना बरेच दिवस जुळत नव्हतं, ते तिसऱ्या ओळीत सुंदर जुळलं.

दुपारी ताटावर बसताना बायको म्हणाली, "बोटं कसली हो पिवळी झालीत? धुवून या आधी."

"सेवेची खूण आहे ती."

"सेवा बाहेर ठेवा आणि हात धुवा."

दोनचार दिवसांत शेड स्वच्छ झालं. एक किडा दाखवा आणि बक्षीस घेऊन जा! बुवा ओळींमधून मागे हात बांधून फिरले. सून आली की काय म्हणेल, आपण काय म्हणू, तेही त्यांनी ठरवून टाकलं. "मी काय केलं? करणारा तो," असं काहीतरी.

पण करणाऱ्याच्या मनात वेगळं होतं. भुरी थांबेना. चोर पकडल्यावर चोरी वाढावी तशी ती वाढली. आधी जुन्या पानांवर होती, ती कोवळ्या पानांवर चढली. दूध-पाणी मारलं, तिथे थोडी ओसरली, चार पानं पुढे पुन्हा उमटली. पडदे वर घेतले तरी तेच. बुवा चष्मा पुसून पुसून बघत. किडा एकही नाही, आणि वेल मात्र पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे.

अशातच सुनेचा फोन आला. बुवा शेडमध्येच होते.

"बाबा, आईचं ऑपरेशन नीट झालं. बसवतात आता. माझी पोरं कशी आहेत?"

"कोणती पोरं?" बुवा गोंधळले. घरात नातवंडं अजून नव्हती.

सून हसली. "अहो बाबा, ती पिवळी! पानांवरची. तुमच्या ताब्यात देऊन आलेय ना. भुरी खातायत का नीट? अळ्या मोठ्या झाल्या असतील एव्हाना. शेजारच्या काकूंना द्यायचीत त्यांतली अर्धी, म्हणून विचारते."

बुवांच्या हातातला फोन जड झाला. त्यांच्या समोरच्या पानावर अंगठ्याएवढा एक वाळलेला पिवळा डाग होता. त्याच्या भोवती भुरी, पांढरीशुभ्र, मोकळी, कुणी न चरलेल्या कुरणासारखी. जेवणावरची सगळी बोलणी एकदम त्यांच्या कानात शिरली. *बाबा, हे ढालकिडे पान खात नाहीत, फक्त भुरी खातात. बाबा, सगळी संपवत नाहीत, पण डोकं वर काढू देत नाहीत. बाबा, आज पहिली अंडी दिसली.* हं. हं. हं.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय, पोरी."

"मग? खातायत का?"

इथे एक क्षण होता. खरं सांगायचं तर मोठा क्षण होता, त्यात माणूस ताठ उभा राहू शकला असता. बुवा म्हणाले, "खातायत की. पोटभर खातायत."

"देवाची कृपा! मी आले की बघू," असं म्हणून तिने फोन ठेवला.

बायको पाणी घेऊन दारात आली होती. तिने ऐकलं. तिने पानावरचे डागही पाहिले. हुशार बाई. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "पोटभर खातायत म्हणे! काय खातायत, तुमचा अंगठा?"

"अगं, तिची आई आजारी. तिला कशाला आणखी घोर?"

"तिला घोर नको म्हणून, की तुम्हाला लाज नको म्हणून?"

बुवांनी तांब्या उचलला. त्यांना उत्तर माहीत होतं.

खोटं एकदा बोललं की संपतं असं वाटतं. पण तेही भुरीसारखंच, वारा आला की शेजारच्या पानावर. दुसऱ्या सकाळी कुंपणाशी शेजारीण उभी राहिली. विधवा बाई, एकटीने भोपळ्याचे वेल सांभाळायची, तोंडाने फटकळ पण शब्दाला पक्की. हातात फवारणीचा पंप.

"बुवा, एक विचारायचं होतं. माझ्या भोपळ्यावर भुरी चढायला लागलीय. सूनबाई म्हणाली होती, गंधक मारू नका काकू, मारलंत तर माझे किडे तुमच्याकडे जगायचे नाहीत, मी आणून सोडते. म्हणून थांबलेय. पण आता जिवाला चैन नाही. किडे आहेत ना? तेवढं सांगा. नसतील तर आत्ता मारते."

बुवांनी पंपाकडे पाहिलं. मग जाळीकडे. म्हणायचं होतं, मारा वहिनी, वाट बघू नका. पण तसं म्हटलं तर "का?" असा प्रश्न येणार. आणि "का"चं उत्तर फोनवरून सुनेपर्यंत जाणार.

"आहेत," बुवा म्हणाले. "थांबा तुम्ही."

"तुमच्या तोंडून आलं म्हणजे झालं," शेजारीण म्हणाली. पंप उचलून हलक्या मनाने गेली.

त्या आठवड्यात प्रार्थनेच्या खोलीत बुवा उभे राहिले खरे, पण सुरुवात करताच समोरच्या बाकावर शेजारीण बसलेली दिसली. ती नेहमीसारखी मान डोलावत होती. बुवांनी घसा बसल्याचं निमित्त केलं. लोकांनी कोमट पाणी आणून दिलं. ते पाणी घशाखाली उतरताना बुवांना वाटलं, हे लोक आपल्याला किती जपतात, आणि कशासाठी!

आता त्यांना एकच ध्यास लागला. किडे पुन्हा मिळवायचे. शेडमधली पानं त्यांनी पुन्हा उलटली, या वेळी जिवंत काही सापडावं म्हणून. नाही सापडलं. बुवांचं काम चोख होतं. मग ते बरणी घेऊन नाल्याच्या काठाने फिरू लागले. ओणवं होऊन झुडपं चाळणारा म्हातारा पाहून येणारेजाणारे विचारत, "बुवा, काय हरवलं?" बुवा म्हणत, "काही नाही, असंच." पुन्हा खोटं. आता मोजायचंही सोडलं होतं.

तिसऱ्या दिवशी एका रानवेलीवर पिवळसर, गोल, ठिपकेवाले किडे दिसले. बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एकेक किडा अलगद बरणीत घेतला, एकालाही दुखवलं नाही, तोंडाला जाळी बांधली, आणि घरी आणून काकडीच्या पानांवर सोडले. "जा रे बाळांनो," म्हणाले, "खा पोटभर."

त्यांनी खाल्लं. पोटभर खाल्लं. फक्त भुरी नाही खाल्ली.

सून आली ती दुपारची. पिशवी ओसरीत टाकली, आईचं बरं आहे एवढं सांगितलं, आणि चपलाही न काढता शेडकडे गेली. बुवा मागोमाग. बुवांची बायको त्यांच्या मागे. सून पहिल्या ओळीशी थांबली. पानं चाळणीसारखी झाली होती, शिरांचं जाळं तेवढं उरलेलं, आणि जिथे पान उरलं होतं तिथे भुरी. तिने एक पान उलटलं. वाळलेला डाग दिसला. दुसरं उलटलं. डाग. त्याच्या बाजूला एक ठिपकेवाला भुंगेरा निवांत पान कुरतडत होता. तिने तो बोटावर घेतला, जवळून पाहिला.

"बाबा," ती हळू म्हणाली, "हा पानं खाणारा. हा इथे कुठून आला?"

बुवा चष्मा पुसू लागले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या अंगठ्याकडे. तिला समजलं. समजल्याचं तिच्या तोंडावर एका बाजूने आलं आणि दुसऱ्या बाजूने तिने ते पुसून टाकलं.

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. शेजारीण एक झाकणाचा डबा घेऊन आली होती, झाकणाला भोकं पाडून आणलेली. "आलीस गं बाई! दे माझे किडे. माझ्या भोपळ्याला आता दम नाही राहिला." बोलता बोलता ती आत आली, आणि वेल बघून जागीच उभी राहिली. "हे काय?"

सून म्हणाली, "काकू, किडे गेले. थंडी पडली असेल मध्ये. माझंच चुकलं, मी इथे नव्हते."

"गेले? अगं, तुझ्या शब्दावर मी गंधक ठेवून दिलं! माझे अर्धे वेल बसले. दुसऱ्याचं शेत म्हणजे तुला खेळ वाटला का? शिकून आलात की आमच्यावर प्रयोग!"

"चुकलं काकू."

"चुकलं म्हणून फळ धरणार आहे का माझं?"

सून मान खाली घालून ऐकत राहिली. बुवा तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते. ही पोर त्यांच्यासमोर कधी खोटं बोलली नव्हती. आज बोलली, आणि ते खोटं बुवांच्या मापाचं शिवलेलं होतं. त्यांच्या अंगावरचं काढून तिने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. बुवांची बायको त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती जाळीबाहेर बघत होती, आणि ते बुवांना जास्त लागलं.

"वहिनी," बुवा म्हणाले. "थंडीने नाही गेले. मी मारले. या अंगठ्याने. मला ते शत्रू वाटले."

शेजारीण आधी बघतच राहिली, आणि मग तिला हसू फुटलं. "तुम्ही? मुंगीला वाट देणारे तुम्ही? अरे देवा! अहो, मग तसं सांगायचं ना! माणसाकडून चूक होते."

इथेही थांबता आलं असतं. चुकीवर लोक हसतात, आणि हसले की सोडून देतात. बुवांनी जाळीचा खांब धरला.

"ते नाही, वहिनी. तुम्ही पंप घेऊन कुंपणाशी आला होतात, तेव्हा किडे संपलेले होते. मला माहीत होतं. माहीत असून मी थांबा म्हणालो."

हसू गेलं. शेजारणीने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तिने पुन्हा दाबलं.

"माहीत होतं?"

"होतं."

"मी विचारलं होतं, बुवा. नसतील तर आत्ता मारते, असं म्हटलं होतं."

"हो."

"तुमच्या तोंडचं म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फाटक उघडं टाकून ती निघून गेली.

शेडमध्ये तिघंच उरली. सून खाली बसली आणि पानं खाणारे भुंगेरे वेचून साबणाच्या पाण्यात टाकू लागली. बुवाही वाकले.

"नको, बाबा. तुम्ही राहू द्या."

"पोरी, मी..."

"मारलेत ते मी समजू शकते," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मी घाईत बोलले, तुम्हाला वेगळं कळलं. पण फोनवर मी किती आनंदाने विचारलं होतं, बाबा. आणि त्याच्या आधी, जेवताना, रोज..." पुढचं तिने सांगितलं नाही. भुंगेरा हातातून निसटला, तो तिने पुन्हा पकडला.

बुवांना आयुष्यात लोकांनी पुष्कळ ऐकवलं होतं, पण न बोललेलं वाक्य इतकं मोठ्याने त्यांनी प्रथमच ऐकलं. ते बाहेर येऊन पाण्याच्या टाकीपाशी बसले. बायको शेजारी येऊन बसली. टोमणा मारला नाही. फक्त म्हणाली, "उद्या तिकडे जा."

उजाडल्यावर बुवा शेजारणीच्या वेलांकडे गेले. वाटेत काय बोलायचं ते ते जुळवत होते, आणि मग जुळवायचंच सोडून दिलं. सून आधीच तिथे पोचलेली होती, दूध-पाण्याचा पंप पाठीला लावून. रात्री केव्हातरी तिने शेजारणीशी बोलून घेतलं असावं. दोघी काहीतरी ठरवत होत्या, बुवांना बघून थांबल्या.

"आलात?" शेजारीण म्हणाली.

"काम सांगा."

शेजारणीने त्यांना पायापासून वरपर्यंत पाहिलं. "खालची पांढरी झालेली पानं काढायची. देठापासून. झटकायची नाहीत, पीठ उडतं. काढली की पोत्यात. वर थोडी हिरवी आहेत, तेवढ्यांवर वेल जगला तर जगला."

बुवा खाली बसले. गुडघे कुरकुरले. पहिलं पान सगळं पांढरं होतं, ते काढलं. दुसरं अर्धं पांढरं, अर्धं हिरवं. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"पोरी, हे काढू का?"

सून आली, वाकून तिने पान दोन्ही बाजूंनी पाहिलं. "हे काढा. याचं हिरवं टिकायचं नाही."

"आणि हे?"

"ते राहू द्या. त्यावर फवारते. दुधाने ऊन असताना भुरी दबते, पण पान अजून जिवंत असेल तरच."

बुवांनी ऐकलं. डोक्यात कोणतीही चाल नव्हती. "ऊन असताना," ते पुटपुटले, "पान जिवंत असेल तरच." मग तिसऱ्या पानाला पुन्हा विचारलं. चौथ्यालाही. ओळ संपायला फार वेळ लागणार होता, आणि ऊन वर चढत होतं. गुडघ्याला माती लागली होती, मानेवर घाम होता, आणि शेजारीण पलीकडच्या वेलावरून सगळं ऐकत होती.

शेवटी तिच्याने राहवेना. "काय हो हे! प्रत्येक पानाला विचारणार का?"

बुवा पान तसंच हातात धरून खाली बघत राहिले.

"विचारू द्या, काकू," सून म्हणाली, आणि पंपाचा दांडा हलवत पुढच्या वेलाकडे वळली.